पत्ता रेडमंडचा, घर कुठलं?

भाच्याचा पुण्याहून फोन आला तेव्हा इथे सकाळचे साडेसहा वाजले होते आणि माझा चहा अजून उकळत होता. "मावशी, ऑफर लेटर आलं. रेडमंड ऑफिस. आता तू फक्त एक चांगला एरिया सांग. मुलांची शाळा चांगली हवी, ऑफिस जवळ हवं आणि आपली माणसं हवीत, बस्स."

त्या "बस्स"ला मला हसू आलं. असे फोन मला दरवर्षी दोन-तीन तरी येतात. प्रत्येकाला एका शब्दाचं उत्तर हवं असतं, कारण पुण्यात ते मिळतं. कोथरूड म्हटलं की शाळा, भाजीवाला, डॉक्टर, रिक्षा सगळं त्या नावात येतं. इथे तसं नाव नाही. पाकिटावर "रेडमंड" लिहिलेल्या दोन घरांतल्या मुलांच्या शाळा वेगळ्या, पोलीस वेगळे आणि बस एकाच्या दारात तर दुसऱ्याच्या मैलोनमैल लांब असू शकते. म्हणून एरिया शोधण्याआधी पत्ता कसा वाचायचा ते शिकावं लागतं.

आधी भूगोल. सिएटलच्या पूर्वेला लेक वॉशिंग्टन नावाचा लांबुळका तलाव आहे. त्याच्या पलीकडच्या काठाला सगळे ईस्टसाइड म्हणतात. बेलव्ह्यू, कर्कलंड, रेडमंड, सॅमामिश, इसाक्वा, बॉथेल ही गावं एकमेकांना इतकी चिकटलेली की एक कुठे संपलं ते पाटी वाचल्याशिवाय कळत नाही. रेडमंड हे लेक सॅमामिश या दुसऱ्या, धाकट्या तलावाच्या उत्तर टोकाला आहे. 1912 साली इथे नगरपालिका आली. 1986 साली मायक्रोसॉफ्ट बेलव्ह्यूहून इथे हललं आणि गावाचं नशीब बदललं. निन्टेंडोचं अमेरिकेतलं मुख्यालयही इथलंच. 2020 च्या जनगणनेत लोकसंख्या होती 73,256. म्हणजे आपल्याकडच्या मध्यम तालुक्याच्या गावाएवढी, पण दिवसा कामाला येणाऱ्यांनी गाव फुगतं आणि संध्याकाळी साडेचारनंतर सगळे एकदम घरी निघतात.

आता पत्ता. रेडमंडचे पिनकोड मुख्यतः दोन, 98052 आणि 98053. पिनकोड पोस्टाच्या सोयीचा असतो, नगरपालिकेच्या हद्दीशी त्याचं काही देणंघेणं नसतं. रेडमंड रिज ही पूर्वेकडची टेकडीवरची आखीव वसाहत घ्या. पत्ता रेडमंडचा, पण ती शहराच्या हद्दीबाहेर, किंग काउंटीच्या अखत्यारीत आहे. तिथे गस्तीला काउंटीच्या शेरीफचे लोक येतात. त्याच भागात ट्रिलजी नावाची वसाहत आहे, फक्त पंचावन्नच्या पुढच्यांसाठी. नेटवर तिथलं सुंदर, शांत घर पाहून एक ओळखीचे गृहस्थ दोन लहान मुलांसकट हरखले होते. नियम कळल्यावर म्हणाले, "अजून वीस वर्षांनी बघू."

खरी गंमत शाळेची आहे. सरकारी शाळा इथे फुकट असते आणि ती तुमच्या घराच्या पत्त्यावरून ठरते. आपल्याकडे शाळा आधी आणि रिक्षाकाका नंतर, इथे घर आधी आणि शाळा त्याला बांधलेली. बहुतेक रेडमंड, कर्कलंड आणि सॅमामिशचा उत्तर भाग लेक वॉशिंग्टन स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये येतो. सॅमामिशचा दक्षिण भाग इसाक्वा डिस्ट्रिक्टकडे, बॉथेल आणि वूडिनव्हिल नॉर्थशोअरकडे. रेडमंडचाच बेलव्ह्यूला लागून असलेला थोडा भाग बेलव्ह्यू डिस्ट्रिक्टमध्ये पडतो. डिस्ट्रिक्टच्या आतही प्रत्येक शाळेची हद्द आखलेली असते आणि ती रस्त्याच्या मधून जाऊ शकते. डावीकडची मुलं एका शाळेत, उजवीकडची दुसऱ्या.

म्हणून घर पसंत पडलं की पहिलं काम हे: डिस्ट्रिक्टच्या वेबसाइटवर पूर्ण पत्ता, घर नंबरासकट टाकून शाळा बघायची. जाहिरातीत लिहिलेल्या शाळेवर विसंबू नये. नव्या शाळा उघडल्या की हद्दी सरकतात. उत्तर रेडमंडमधली क्लारा बार्टन आणि रेडमंड रिजवरची एला बेकर या दोन्ही प्राथमिक शाळा 2018 मध्ये सुरू झाल्या, तेव्हा आसपासच्या कितीतरी घरांची शाळा बदलली. टेस्ला स्टेम हायस्कूलचं नाव तर प्रत्येक आईबाबांनी ऐकलेलं असतं. तिथला प्रवेश लॉटरीने होतो, म्हणून त्या शाळेजवळ घर घेऊन काहीच साधत नाही.

आणि ते शाळांना दहापैकी किती गुण वगैरे. भाच्याने मला एक तक्ता पाठवला होता, शाळांचे आकडे आणि शेजारी भाडं. हे आकडे मोठ्या अंशी परीक्षेतल्या गुणांवर बेतलेले असतात आणि परीक्षेतले गुण आईबापांच्या शिक्षणाचा आणि पगाराचाही आरसा असतात. आठ आणि नऊ यांच्यातल्या फरकासाठी महिन्याला चारशे डॉलर जास्त मोजणं मला तरी पटत नाही. त्यापेक्षा दुपारी शाळा सुटताना फाटकाबाहेर दहा मिनिटं उभं राहावं. कोण चालत घरी जातं, कोण बसमध्ये चढतं, आया एकमेकींशी बोलतात की गाडीतूनच हात करतात, हे कुठल्याच तक्त्यात नसतं.

शाळेबाबत आणखी तीन गोष्टी पुण्याहून निघण्यापूर्वीच कळायला हव्यात. पहिली, वय. वॉशिंग्टन राज्यात किंडरगार्टनसाठी 31 ऑगस्टला पाच वर्षं पूर्ण लागतात, पहिलीसाठी सहा. महाराष्ट्रात पहिलीची तारीख 31 डिसेंबर आहे. भाच्याची धाकटी ऑक्टोबर 2019 ची. ती तिथे जून 2025 मध्ये पहिलीत बसली होती, इथे सप्टेंबरमध्ये तिला किंडरगार्टनमध्ये बसवलं. आईला वाटलं मुलीचं वर्ष गेलं. मुलीला वाटलं आपण आधीच सगळं येणारी हुशार मुलगी आहोत. किंडरगार्टन पूर्ण दिवसाचं आणि फुकट असतं, त्यामुळे त्या आधीचं डेकेअरचं बिल भरलेले लोक त्या दिवशी पेढे वाटतात.

दुसरी, लसी. आपली फाइल जाडजूड असते, पण इथे बघतात ते ठरावीक: डीटॅप, पोलिओ, एमएमआर, हेपॅटायटिस बी आणि कांजिण्या. बीसीजीचा दंडावरचा व्रण इथल्या नर्सला नुसतं कुतूहल म्हणून दाखवता येतो. कांजिण्यांचा दुसरा डोस बऱ्याच मुलांचा राहिलेला असतो. तो पुण्यातच घेऊन तारखेसकट डॉक्टरांचा शिक्का आणावा.

तिसरी, बुधवार. लेक वॉशिंग्टन डिस्ट्रिक्टमध्ये बुधवारी शाळा दीड तास लवकर सुटते. दोघंही नोकरी करणार असाल तर शाळेनंतर मुलं सांभाळणाऱ्या वर्गाची रांग घर शोधतानाच लावावी. घर मिळतं, ती जागा मिळत नाही.

भाच्याने ऑफिसपासूनचं अंतर नकाशावर मोजून ठेवलं होतं, पण ते त्याचं अंतर होतं. पहिल्या वर्षी घरात सर्वांत जास्त वेळ राहणार होती माझी भाचेसून. तिचा व्हिसा एच-4. त्यावर कामाचा परवाना लगेच मिळत नाही, जोडीदाराचं ग्रीन कार्डचं काम एका टप्प्यापर्यंत पोचावं लागतं. एल-2 वर आलेल्यांचं तसं नाही, 2021 च्या अखेरीपासून त्यांना थेट काम करता येतं. तर तिला नोकरी नाही, इथलं लायसन्स नाही आणि एकच गाडी, तीही नवरा घेऊन गेलेला. टेकडीवरच्या देखण्या टाऊनहाऊसमध्ये नोव्हेंबरचा पाऊस बघत बसलेल्या अशा मुली मी पाहिल्या आहेत. डिसेंबरात सूर्य चार-वीसला मावळतो. म्हणून मी भाच्याला सांगितलं, "घर तुझ्या ऑफिसच्या दारातून मोजू नकोस. तिच्या दारातून मोज. दूध, वाचनालय, बाग आणि शाळा, तिला पायी काय काय गाठता येतं ते बघ."

या मापाने पाहिलं की रेडमंडचे तुकडे वेगवेगळे दिसू लागतात.

ओव्हरलेक म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या कॅम्पसचा शेजार. सत्तर-ऐंशीच्या दशकातली दोन-तीन मजली लाकडी अपार्टमेंट कॉम्प्लेक्स आणि मधे मधे उगवलेल्या नव्या उंच इमारती. मयूरी फूड्ससारखी आपली दुकानं याच पट्ट्यात, कढीपत्ता आणि भाकरीचं पीठ इथेच. बेलव्ह्यूमधला क्रॉसरोड्स मॉल बसने जवळ, तिथे पावसाळी दुपारी मुलांना घेऊन बसता येतं आणि कुणी उठवत नाही. किंग काउंटी मेट्रोची बी लाइन बस बेलव्ह्यूपासून रेडमंडपर्यंत इथूनच जाते. दिसायला हा भाग काही मोठा रमणीय नाही. नव्याने आलेल्या, एका गाडीच्या कुटुंबाला मात्र मी डोळे मिटून हाच सांगते. बेलव्ह्यूची शाळा-हद्दही इथेच आड येते, तेवढं तपासायचं.

डाऊनटाऊन रेडमंड गेल्या दहा-बारा वर्षांत ओळखू येणार नाही इतकं बदललं. पाच-सहा मजली नव्या इमारती, 2018 मध्ये झालेलं डाऊनटाऊन पार्क, चालत जाण्याजोगं वाचनालय आणि नदीकाठचा सायकलचा रस्ता. लाइट रेलची 2 लाइन 27 एप्रिल 2024 ला रेडमंड टेक्नॉलॉजी स्टेशनपर्यंत आली आणि 10 मे 2025 ला मेरीमूर व्हिलेज आणि डाऊनटाऊन रेडमंडपर्यंत पोचली. त्या दिवसापासून गाडी नसलेल्या माणसाचं रेडमंड मोठं झालं. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना बस आणि रेल्वे फुकट. घरं लहान, भाडं मोठं आणि गाडी ठेवायचे पैसे बहुधा वेगळे.

एज्युकेशन हिल हे नाव तिथल्या शाळांवरून पडलेलं. जुनी बैठी आणि दुमजली घरं, मोठी झाडं, हायस्कूलपर्यंत सगळं टेकडीवरच. चढ मात्र असा की किराण्याच्या पिशव्या घेऊन खालून वर येणारा माणूस दुसऱ्या आठवड्यात गाडी घेतो. पश्चिमेला ग्रास लॉन आणि रोझ हिल, कर्कलंडला लागून, मधल्या वळणाचे. रेडमंड रिजवर शाळा चालत, पायवाटा सुंदर, शेजारी मुलंच मुलं. ऑफिसला मात्र नॉव्हेल्टी हिल रोडवरून सगळ्यांबरोबर खाली उतरायचं. सॅमामिशचंही तेच: पठारावर घरं प्रशस्त, उतरायचे रस्ते मोजके, बस जेमतेम. दोन गाड्या आणि दोन लायसन्स झाल्यावरची ही ठिकाणं आहेत. ऑफिस सिएटलला असेल आणि गाडीने जायचं असेल, तर सरळ वाट म्हणजे 520 हायवेचा तरंगता पूल, तशा पुलांत जगातला सर्वांत लांब, आणि रोज टोल. मग मी रेडमंडच सुचवत नाही.

आता तो तिसरा प्रश्न, आपली माणसं. भाच्याने व्हिडिओ कॉलवर एका कॉम्प्लेक्सच्या लीजिंग ऑफिसमधल्या मुलीला सरळ विचारलं, इथे इंडियन फॅमिलीज आहेत का? ती गोड हसली आणि व्यायामशाळेची माहिती देऊ लागली. त्याने पुन्हा विचारलं. ती पोहण्याच्या तलावाकडे वळली. त्याला वाटलं काहीतरी लपवतेय.

तिला कायद्याची धास्ती होती. 1968 च्या फेअर हाउसिंग कायद्याने घर भाड्याने देताना वंश, धर्म, मूळ देश यांवरून भेदभाव करायला बंदी आहे. त्यात 1988 साली मुलंबाळं असलेल्या कुटुंबांचीही भर पडली. त्या कायद्याचा हात लांब आहे. अमुक लोकांना अमुक वस्तीकडे वळवणंही त्यात येतं, मग हेतू मायेचा का असेना. म्हणून "इथे तुमचे लोक खूप आहेत" हे वाक्य इथला कुठलाच शहाणा एजंट उच्चारत नाही. "एरिया फॅमिलीसाठी चांगला आहे का" यालाही तो बगल देतो. पुण्यात "फक्त फॅमिलीसाठी" किंवा "फक्त शाकाहारी" अशा पाट्या वाचत मोठे झालेल्या आपल्याला हे कोड्यात टाकतं. तोच कायदा तुमची दोन दंगेखोर मुलं पाहून घर नाकारू देत नाही, हे मात्र विसरू नये.

उत्तर आपलं आपण शोधायचं. शनिवारी मेरीमूर पार्कला जावं. 640 एकरांच्या त्या बागेत क्रिकेट चालू असेल आणि सीमारेषेवरून मराठीतल्या सूचनाही ऐकू येतील. वेदिक कल्चरल सेंटर सॅमामिशला, मोठं हिंदू मंदिर बॉथेलला. गणपतीत ढोल-ताशांचा आवाज कुठून येतो तिकडे कान द्यावा. ही सगळी ठिकाणं गाडीने वीस-पंचवीस मिनिटांत आहेत, त्यामुळे आपली माणसं त्याच जिन्यात असायलाच हवीत असं नाही.

घर बघायला गेलं की लोक बेडरूम मोजतात. मी आधी गॅसजवळ, म्हणजे बहुधा विजेच्या शेगडीजवळ, जाते. वरचा पंखा चालू करून हवा कुठे जाते ते बघते. बऱ्याच जुन्या घरांत तो पंखा धूर गाळून परत आपल्याच तोंडावर सोडतो. अशा घरात मिरचीची फोडणी घातली की स्मोक अलार्म केकाटतो आणि चार वर्षांचं पोर कानावर हात ठेवून पळतं. हवा बाहेर टाकणारा पंखा असेल तर त्या घराला माझ्याकडून दोन गुण जास्त.

मग खिडक्यांच्या चौकटी आणि कपाटांचे कोपरे. काळे ठिपके असतील तर ती बुरशी. इथला पाऊस धो धो नसतो, महिनोन्महिने भुरभुरत राहतो आणि भिंती वाळू देत नाही. घरं लाकडी सांगाड्याची. वरच्या मजल्यावर कुणी पोळ्या लाटल्या तरी खाली कळतं आणि सकाळी सहाचा मिक्सर म्हणजे शेजाऱ्यांना अलार्म. लहान मुलं असतील तर तळमजला मागावा, पळापळीच्या तक्रारी वाचतात. जुन्या अपार्टमेंटमध्ये एसी नसतो आणि एरवी लागत नाही. पण जून 2021 च्या लाटेत सिएटलचा पारा 42 अंशांवर गेला होता, तेव्हापासून लोक पश्चिमेच्या खिडक्या मोजायला लागले आहेत.

पैशांचं गणित. दोन बेडरूमच्या घराला या भागात ढोबळमानाने अडीच ते साडेतीन हजार डॉलर पडतात. पाणी, सांडपाणी, कचरा यांचं बिल बहुतेकदा वेगळं, वीज पुजेट साउंड एनर्जीची आपल्या नावावर. कॉम्प्लेक्समध्ये भाडेकरूला सहसा दलाली पडत नाही. उत्पन्न भाड्याच्या अडीच-तीन पट हवं असतं, ते ऑफर लेटरवर भागतं. अडतं ते क्रेडिट हिस्ट्रीवर. कालपर्यंत इथे नसलेल्या माणसाची ती असणार कुठून? त्या बदल्यात काही ठिकाणी जादा डिपॉझिट मागतात. राज्याच्या कायद्याप्रमाणे सहसा डिपॉझिट हप्त्यांत भरता येतं, फक्त तसं लेखी मागावं लागतं. आणि पुण्यात बसून, घर न बघता, कुणालाही पैसे पाठवू नयेत. कंपनी पहिला एखाद-दुसरा महिना राहायची सोय देत असेल तर ती त्यासाठीच असते.

भाडेवाढीचा नियम नवा आहे. मे 2025 पासून वॉशिंग्टन राज्यात वर्षाची भाडेवाढ 7 टक्के अधिक महागाईचा दर, किंवा 10 टक्के, यांतलं जे कमी असेल त्यापलीकडे नेता येत नाही आणि 90 दिवस आधी लेखी कळवावं लागतं. पण बारा वर्षांपेक्षा नव्या इमारतींना ही मर्यादा लागू नाही. म्हणजे डाऊनटाऊनमधल्या ज्या चकचकीत इमारती आपल्याला भुरळ घालतात, त्यांतल्या पुष्कळशा या कवचाबाहेर आहेत. तिथे पहिल्या वर्षी "दोन महिने फुकट" असतात, दुसऱ्या वर्षीचं पत्र वेगळंच असतं.

करारातली तीन कलमं मी भाच्याला मोठ्याने वाचायला लावली. करार संपायची तारीख: बाराऐवजी नऊ किंवा चौदा महिने मागून तो जूनमध्ये संपेल असं बघावं, म्हणजे घर बदललं तरी शाळेचं वर्ष तुटत नाही. पाहुण्यांचं कलम: कित्येक करारांत पाहुण्याने सलग किती दिवस राहावं ते लिहिलेलं असतं आणि आपले आईबाबा तर सहा महिन्यांसाठी येतात. त्यांची आधी लेखी परवानगी घेतलेली बरी. आणि मधेच सोडायचं कलम. एच-1बी वर नोकरी गेली तर हातात बहुधा साठ दिवस असतात. किती महिन्यांचं भाडं देऊन करार मोडता येतो ते सही करण्यापूर्वी माहीत हवं. घरमालकाने नवा भाडेकरू शोधायचा प्रामाणिक प्रयत्न करायला हवा, असंही कायदा सांगतो.

शेवटी ओव्हरलेकचं एक जुनं कॉम्प्लेक्स ठरलं. तळमजला, स्टेशन पायी, बाहेर हवा टाकणारा पंखा. किल्ल्या घ्यायला मी बरोबर गेले होते. इथे घराच्या स्थितीची लेखी यादी दिल्याशिवाय घरमालकाला डिपॉझिट घेता येत नाही. घर सोडल्यावर 30 दिवसांत डिपॉझिट किंवा कापलेल्या पैशांचा हिशोब द्यावा लागतो आणि त्या वेळी हीच यादी काढतात. म्हणून भाचेसून एकेक खोली फिरून फोटो काढत होती: गालिच्यावरची इस्त्रीची खूण, न्हाणीघरातली तडकलेली टाइल, दाराला पडलेला पोचा.

स्वयंपाकघरात ती थांबली. शेगडीच्या डाव्या अंगाला, पांढऱ्या ओट्यावर रुपयाएवढा फिकट पिवळा डाग होता. तिने बोटाने घासून पाहिला. गेला नाही. जाणार नव्हताच.

"मावशी, हळद."

तिने यादीत लिहिलं, शेगडीजवळ जुना पिवळा डाग, एक. मग त्याचा फोटो काढला, आणि तोच फोटो नवऱ्याला पाठवला.